तुटकी पाकळी

साताऱ्याची मधुवंती जयपुरात आली ती दोन वर्षांसाठी. त्याला आता सात वर्षं झाली. काम एकच: जवळच्या बगरू गावातल्या छिप्यांनी, म्हणजे छपाई कारागिरांनी, लाकडी ठशांनी हाताने छापलेलं कापड तपासायचं आणि परदेशी ग्राहकाकडे रवाना करायचं.

त्या सकाळी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बिरदीचंदजींनी तिच्यासमोर तीनशे मीटर कापड असं उलगडलं, की जणू पडदाच वर गेला. फुलामागून फूल, कुठे डाग म्हणून नाही!

तिने पिशवीतून ग्राहकाने पसंत केलेला नमुना काढला आणि कापडावर ठेवून पाहिला. नमुन्यातल्या फुलाची पाचवी पाकळी अर्धीच होती. नमुना छापला त्या वेळी ठशाचा टवका उडाला होता आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"काकाजी, ठसा बदललात?"

"नवा कोरून घेतला, बिटिया. जुना मोडका होता." म्हातारा खुलला. "बघ ना, कसं फुललंय!"

"हे कापड परत येईल. त्यांना अर्धीच पाकळी हवीय."

"मतलब? पैसे देऊन चूक मागतात?"

"आता सांगून उपयोग नाही. त्यांच्या दुकानांच्या जाहिरातीत तेच फूल गेलंय."

बिरदीचंदजी हसले आणि हसता हसता कापडाची घडी घालू लागले. पूर्वी ते कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन चारदीवारीत, जयपूरच्या तटाआतल्या जुन्या शहरात, दुकानं धुंडाळत. या एका ग्राहकाच्या मागणीने गल्लीतल्या बारा घरांना बारमाही काम दिलं होतं. रंगाचं पाणी साफ करणारी टाकी आली होती, नात नर्सिंगला गेली होती. सगळं खरं होतं. म्हणूनच तर नाही म्हणता येत नव्हतं.

"मुदत किती?"

"नऊ दिवस. जहाज थांबणार नाही."

"आणि हे फूल किती दिवस छापायचं?"

"तीन वर्षांचा करार आहे."

त्यांनी नवा ठसा मांडीवर उलटा घेतला, पाकळीवर पटाशी टेकवली. हातोडीचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

"माझ्याच्याने नाही होणार. तू मार."

मधुवंतीने डोळे मिटून हातोडी मारली. टवका उडाला.

त्यांनी ठसा रंगात बुडवला, कोऱ्या कापडावर टेकवला, वरून मूठ हाणली. तिने नमुना शेजारी धरला.

"जुळलं."

"साताऱ्याला परत कधी जाणार म्हणाली होतीस, बिटिया?" पुढचं फूल छापता छापता त्यांनी विचारलं.

"हा करार संपला की, काकाजी."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मूठ पुन्हा ठशावर पडली.