शेजारची सीट

सहलीच्या आमच्या बसमध्ये माणसं मोजत नाहीत. प्रत्येक पॉइंटवरून निघताना टूर मॅनेजर ओरडतो, "आपापला जोडीदार आला का बघा!" मग बायका नवऱ्यांकडे बघतात, नवरे बायकांकडे, आणि बस सुटते. पद्धत सोपी आहे. माझ्या शेजारच्या सीटवर माझी थैली होती. एकटीने यायचं मीच ठरवलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

दुपारी कड्यावरच्या लोखंडी जिन्याने धबधब्यापर्यंत उतरले. तोंडावर तुषार आले आणि मी सवयीने मागे वळून म्हणाले, "बघ ना!" मागे कोणी नव्हतं. थोडा वेळ तिथेच उभी राहिले. आपण जागेवर नाही आहोत हे इतरांना कळायलाही शेजारी कुणीतरी लागतं, हे घरी कधी जाणवलं नव्हतं.

वर आले तर बस हलली होती. मी हात करत धावले. ती थांबली.

"ताई, तुम्ही खाली होतात?" मॅनेजर ओशाळला. "मला वाटलं, सगळे आले."

"मीच ओरडले म्हणून थांबली," मागच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या. "थैली दिसतेय, बाई दिसत नाहीत. थैली काय एकटीच फिरायला आलीय?"

सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या पॉइंटला उतरताना थैली खांद्याला लावली होती. दारापर्यंत गेले, परत आले आणि काकूंना दिसेल अशी ती सीटवर उभी करून ठेवली.