चंडोलाच्या दारात

डोंगरावर मुक्कामाला जाता, तेव्हा तंबू कुणाच्या दारात ठोकताय हे कधी पाहिलंत का?

परवा पठारावर मी आणि माझी मैत्रीण मेधा तंबू उभारत होतो. ऊन कललं होतं. चंडोलाची मादी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत सारखी ओरडत होती.

"आपल्याला शिव्या घालतेय," असं म्हणत मेधानं वाकून गवत बाजूला केलं. तंबूपासून वीतभर अंतरावर वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात ठिपक्यांची दोन अंडी.

आम्ही तंबू उचलून दूरच्या कातळावर नेला. तिथं खुंट्या शिरेनात, म्हणून दोर दगडांना बांधले. मेधा मात्र परत गेली आणि आमच्या पायांनी आडवं झालेलं गवत बोटांनी उभं करत बसली.

"वेणी घालतेस का गं तिची?" मी लांबूनच विचारलं.

"गप्प बस. आडोसा मोडलाय आपण. वरून घारीला सगळं दिसेल."

निसर्गाच्या कुशीत जातो म्हणायचं आणि त्याच कुशीत खुंट्या ठोकायच्या, हे कसलं प्रेम? प्रेम मला त्या बोटांत दिसलं. मेधा कातळावर परतली, तशी ती पक्षीण गवतात उतरली आणि ओरडणं थांबलं. आम्हीही मग हळू बोलू लागलो.

पुढच्या खेपेला सॅक उतरवल्यावर लगेच खुंट्या काढू नका. थोडा वेळ गवताकडे बघत बसा. डोक्यावर कुणी ओरडत असेल, तर उठा आणि कातळावर जा.