नीलाकाकूंचं चुंबक

काकांचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घरी मेथी निवडत होते. "तुझी काकू गेली गं... झोपेतच," एवढंच ते म्हणाले.

बऱ्याच वर्षांपूर्वी यांची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली आणि आम्ही शेजारच्या झिरकपूरला राहायला गेलो. समोरच्या दारावर काका-काकूंची मराठी पाटी दिसली, तेव्हा मला रडूच कोसळलं होतं. नीलाकाकू मूळच्या साताऱ्याच्या, शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. ट्रॅफिकला शिव्या घालत घरी यायच्या आणि आल्याचा चहा टाकून मला हाक मारायच्या. माझ्या लेकीला एकदा त्यांनी आपलं काम सांगितलं. मूळ पेशींच्या पोटात लोहाचे अतिसूक्ष्म कण भरायचे आणि बाहेरून चुंबक धरून त्यांना बिघडलेल्या रक्तवाहिनीपाशी न्यायचं; नाहीतर रक्ताबरोबर त्या भलतीकडेच वाहून जातात. लेक म्हणाली, "आजी, सेल्स मॅग्नेट से चिपक जाते हैं क्या?" काकू हसल्या. "चिकटत नाहीत गं, त्यांना थांबा कळतो!"

काकांना जुना मधुमेह. हळूहळू डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत गेल्या, अंगठा काळा पडला. हॉस्पिटलात काका म्हणाले, "नीला, तुझ्या पेशी घाल की माझ्यात. उंदरांचे पाय वाचवतेस, नवऱ्याचा नाही?"

"उंदरांत जमलंय, माणसात अजून नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्यावर प्रयोग नाही करायची मी."

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ऑपरेशन चालू असताना कँटीनमध्ये काकूंचा चहा तसाच निवला. "इतकी वर्षं घातली गं... आणि घरच्या माणसाला द्यायला हातात काही नाही." पुढे त्यांनी कामावर जाणंच सोडलं. शेवटी काकाच वैतागले, "जा बघू! पुढच्या कुणाचा तरी वाचेल." मग त्या पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ लागल्या, आणि निवृत्तीनंतरही जात राहिल्या. त्यांच्या पेशी माणसापर्यंत पोचलेल्या मात्र त्यांना बघायला मिळाल्या नाहीत.

गेल्या महिन्यात मी नाशिकहून झिरकपूरला काकांना भेटायला गेले. संध्याकाळी त्यांनी उजवा पाय स्टुलावर घेतला आणि हातातल्या आरशात तळवा न्याहाळू लागले. "कामावरून आली की पर्सही न ठेवता आधी हे बघायची," ते म्हणाले. "एक जखम होऊ दिली नाही... टाचेपाशी जरा बघतेस? मला नीट दिसत नाही."

मी खाली बसले. कुठे भेग नव्हती, ओरखडा नव्हता. टाच लहान मुलाच्या टाचेसारखी मऊ होती.