आगाशे-सानांची प्रार्थना

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी नीलकंठ आगाशे मुंबईहून बँकेच्या तोक्यो शाखेत आला. बिऱ्हाड निशी-कसाई या तिथल्या भारतीयांच्या वस्तीत. माणूस हुशार, बोलका. अडचण एकच. शेजारी कुणी उभं असलं, नुसतं दाराबाहेर कुणी खोकलं, तरी त्याला लघवी होत नसे. शाळेपासून हे असंच होतं आणि बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

जपानमधली सार्वजनिक स्वच्छतागृहं लखलखीत. त्याचा नीलकंठला काडीचा उपयोग नव्हता, कारण लखलखीत म्हणून तिथे सतत माणसं असत. ऑफिसात तो चहाला हात लावत नसे. "उपास आहे," म्हणायचा. रोजच उपास म्हटल्यावर सहकारी त्याला साधुपुरुष समजू लागले. संध्याकाळी अगदीच असह्य झालं, तर वाटेवरच्या एका मोठ्या दुकानातला फर्निचर विभाग गाठायचा. गिऱ्हाईक जवळजवळ नाही आणि कोपऱ्यात निवांत स्वच्छतागृह. पण तिथली विक्रेती त्याला ओळखू लागली, कमरेत वाकून स्वागत करू लागली. मग भिडेखातर तो एखादी उशी घेऊन यायचा.

"अहो, परत उशी?" बायको, शमा, म्हणाली. "लेक धरून आपण माणसं तीन!"

भूकंपासाठी घरोघरी पाणी, बिस्किटं, बॅटरी भरलेली पिशवी तयार असे. आगाशांच्या पिशवीत संडास बंद पडला तर वापरायची घडीची शौचपाकिटंच कोंबलेली. जमीन हलली की त्याला इमारतीची नव्हे, निवाऱ्यातल्या रांगेची धास्ती वाटे.

मग बँकेची आरोग्य तपासणी आली. आदल्या वर्षी तो आजारी पडून त्यातून सुटला होता. यंदा सगळ्यांना एकदमच नेलं. नर्सने लघवीच्या नमुन्यासाठी हातात कागदी पेला दिला. नीलकंठ आत गेला, रांगेतली कुजबुज ऐकत उभा राहिला आणि रिकामा पेला घेऊन बाहेर आला.

"पाणी प्या," नर्स म्हणाली.

तो प्यायला. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. पोटाचा माठ झाला, पण थेंब नाही. घामाघूम होऊन बाकावर बसला, तर शेजारी मोरिता-सान. त्याचे विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, हसताना कुणी न पाहिलेले. त्यांच्याही हातात रिकामा पेला!

"आगाशे-सान, तुम्हालाही मागे माणसं असली की..."

"होत नाही," नीलकंठ म्हणाला.

मोरिता-सानांनी मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, जगात मी एकटाच. मी मनात आकडे मोजतो. आज तेही चालेना."

"मोठ्याने मोजूया का? म्हणजे बाहेरचं ऐकूच येणार नाही."

मोरिता-सान दाराशी पहाऱ्याला उभे राहिले. आतून नीलकंठने शाळेतल्यासारखा खणखणीत आवाज लावला, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..." बाहेरची कुजबुज थांबली. रांगेतल्या एका कारकुनाने आदराने मान झुकवली. पंच्याऐंशीपाशी नीलकंठचा आवाज चिरकला आणि काम झालं.

मग तो पहाऱ्याला उभा राहिला आणि मोरिता-सानांसाठी पाढा पहिल्यापासून म्हटला. थोड्या वेळाने ते काठोकाठ भरलेला पेला घेऊन बाहेर आले आणि दोन्ही हातांनी, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तसा, वाकून नर्सला दिला.

त्या रात्री नीलकंठने शमाला सगळं सांगितलं. ती हसून हसून लोळली, मग म्हणाली, "सत्तावीसचाही येतो ना? असू द्या हाताशी."

त्रास मुळापासून गेला नाही, पण भीती ओसरली. नीलकंठ ऑफिसात चहा पिऊ लागला. दुपारी तो आणि मोरिता-सान एकदमच उठत. "प्रार्थनेला चालले," लोक म्हणत. दोघांनीही खुलासा केला नाही.

वसंतात मोरिता-सान निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणाला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्या नीलकंठसमोर खूप खाली वाकल्या.

"लग्नापासून हे माझ्याबरोबर लांबच्या प्रवासाला कधी आले नाहीत," त्या म्हणाल्या. "आता स्वतःच पार उत्तरेच्या होक्काइदोची तिकिटं काढलीत. तुमच्या देवाचे फार उपकार झाले."

नीलकंठनेही वाकून ते उपकार देवाच्या वतीने स्वीकारले.