एक खुर्ची कमी

बड हॅलोरनला काढल्याची बातमी मर्नाने गाडीत ऐकली. वृद्धाश्रमात आईला चार घास भरवून ती परत निघाली होती, हीटर अजून तापलाही नव्हता, आणि रेडिओवरच्या बाईने हवामान सांगावं तितक्या सहज सांगून टाकलं की सास्काटून बॅजर्स या फुटबॉल संघाने आपल्या हेड कोचला निरोप दिला आहे. बाकीच्या कोचेसचं काय करायचं ते नवा हेड कोच ठरवेल.

मर्नाने पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. बाकीचे कोच म्हणजे सहा-सात माणसं, आणि त्यातला एक तिचा नवरा, वेंडेल. तिचे तळहात गार पडले होते. ते मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली. मागून येणारा बसवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

कॅनडातलं फुटबॉल बहुतेक हातांनी खेळतात, पण मोक्याच्या वेळी बॉलला लाथ मारावी लागते; वेंडेल स्लोबोडियन हा त्या किकचा कोच. तरुणपणी तो स्वतः किक मारायचा. गुडघा गेला तेव्हा मैदान सोडून कडेला उभा राहिला, तो आजतागायत. या धंद्यात एक विचित्र गोष्ट असते. हेड कोच पडला की त्याच्या हाताखालचे सगळे त्याच्याबरोबर घसरतात, मग त्यांचं काम चांगलं असो की वाईट. विंडसरला तसंच झालं. क्विबेक सिटीला झालं. व्हिक्टोरियाला तर नुकतेच पडदे शिवून झाले होते. त्यांच्या मुलीच्या शाळा इतक्या वेळा बदलल्या, की नव्या वर्गात नाव सांगायच्या आधी ती बाथरूम कुठे आहे ते विचारायची. आता ती लग्न होऊन कॅल्गरीला आहे आणि घर बदलायचं नाव काढलं तरी चिडते.

सास्काटूनला आले तेव्हा मर्नाने वेंडेलला सांगितलं होतं, "हे माझं गाव आहे. इथून मला उचलायचं असेल तर खोकं मोठं आण." तो हसला होता. तेव्हा आई स्वतःच्या पायांनी चालत होती. आता आई इंग्रजी विसरून लहानपणीच्या युक्रेनियनवर आली होती, आणि त्या भाषेत तिला "जेव" म्हणणारं मर्नाशिवाय कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आली तर वेंडेल अंगणातलं बर्फ काढत होता. सकाळीच काढून झालेलं होतं. फावडं नुसतं सिमेंटवर खरखरत होतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"रेडिओवर."

"बडने स्वतः फोन केला मला. बिचारा माझीच माफी मागत होता." त्याने फावडं भिंतीला टेकवलं. "चहा कर ना गं."

नव्या हेड कोचचं नाव लवकरच जाहीर झालं. टीव्हीवर संघाचा मालक उभा होता, त्याच्या शेजारी हिरवी टोपी घातलेला, कानशिलांवर पांढरा झालेला एक रुंद माणूस. वेंडेलने कप खाली ठेवला तो बशीबाहेर. मर्नानेही त्याला ओळखलं.

गार्नेट लाफोर्ज.

विंडसरला हा गार्नेट संघातला सगळ्यात नवा सहायक होता. तिथल्या व्यवस्थापकाला वाईट बातम्या स्वतः द्यायला आवडत नसत. त्याने ते काम वेंडेलवर ढकललं होतं. गाड्या लावायच्या जागेत, थंडीत, वेंडेलने गार्नेटला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मर्ना गाडीत बसून काचेतून बघत होती. गार्नेटच्या हातात कॉफीचा कप होता. तो नुसता मान हलवत राहिला. मग त्याने कप त्यांच्याच गाडीच्या टपावर ठेवला आणि चालत निघून गेला. दोघांनाही सुचलं नाही. कप तसाच टपावर ठेवून ते निघाले, आणि पहिल्याच वळणावर सगळी कॉफी मागच्या काचेवरून ओघळली. त्याचा तो चेहरा मर्ना विसरली नव्हती. त्या चेहऱ्यावर रागाची रेघही नव्हती, आणि तेच तिला तेव्हा भयंकर वाटलं होतं.

"तो विसरला असेल," वेंडेल म्हणाला.

"तू विसरला असतास?"

वेंडेलने टीव्ही बंद केला.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की दोघंही जागच्या जागी थिजायची. मुलीचा असायचा, दातांच्या डॉक्टरचा असायचा. वेंडेल फोन उचलण्याआधी घसा साफ करायचा, आणि त्या खाकरण्यानेच मर्ना हातातलं काम टाकायची. तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. एकदा दुकानात तिने नकळत रिकामी खोकी मागितली आणि दुकानदाराने "कुठे निघालात?" विचारल्यावर ती तशीच बाहेर आली.

शेवटी फोन आला. वेंडेल दोन-चारदा "हो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"गार्नेट. उद्या दुपारी घरी येतो म्हणाला."

"घरी? घरी कशाला?"

"बोलायचंय म्हणाला. जेवायला ये म्हटलं मी. तोंडातून निघून गेलं."

कोचला काढतात ते ऑफिसात, दार लावून. घरी कोणी येत नाही. मर्नाने डोकं कितीही चालवलं तरी तिला त्याचा एकच अर्थ लागेना, आणि जे जे अर्थ लागत ते सगळे वाईट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलस ब्रूसार्ड कुंपणापाशी आला. सायलस हा समोरच्या फळीचा कोच: बॉल फेकणाऱ्याच्या पुढे जे धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात, त्यांना तो शिकवायचा. मूळचा लुईझियानाचा, थंडीला रोज नव्याने शिव्या घालणारा. दोन घरं सोडून राहायचा. त्याची बायको जेनेव्हा आणि मर्ना दर रविवारी एकत्र बसायच्या, आणि त्याची धाकटी मुलगी मर्नाला मावशीसारखी लगटायची.

"काय रे म्हाताऱ्या," सायलस म्हणाला, "जिवंत आहेस का?"

"आहे अजून. तू?"

"या तुमच्या देशात नाकातला शेंबूडही गोठतो, माणूस कसा जगणार?" तो हसला, पण डोळे कुंपणावरच होते. "काही फोनबिन आला का तुला?"

मर्ना खिडकीत उभी होती. खिडकी वाफ जायला उघडी होती.

"नाही बाबा," वेंडेल म्हणाला. "तुला?"

"छे. मला कुठला."

दोघं थोडा वेळ हॉकीबद्दल बोलले आणि आपापल्या दारी गेले. इतक्या वर्षांच्या शेजारात वेंडेल सायलसशी खोटं बोलल्याचं मर्नाला आठवत नव्हतं. पण तिनेही त्याला खरं सांगू दिलं नसतं.

गार्नेट वेळेवर आला. बूट दारात काढून, मोज्यांवर, हातात फुलं घेऊन. मर्नाने आई करायची तसे कोबीच्या पानांत गुंडाळलेले भाताचे रोल केले होते, आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी, वर भरपूर परतलेला कांदा. तो चवीने जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आजी मनिटोबात असाच कांदा परतायची म्हणाला. मर्ना स्वतःच्या ताटातला कांदा कडेला सारत राहिली.

"वेंडेल," तो मध्येच म्हणाला, "ती कॉफी पडली असेल ना तुमच्या गाडीवर?"

वेंडेलने काटा ताटात ठेवला.

"काचेवर," वेंडेल म्हणाला. "सगळी."

"मला नंतर आठवलं. वाईट वाटलं." गार्नेट रुमालाला हात पुसत होता. "त्या दिवसाचा राग नाही मनात. तुला पाठवलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर आज दुसऱ्या कोणाला न पाठवता मी स्वतः आलो."

मर्ना उठून स्वयंपाकघरात गेली. गोड आणायचं निमित्त होतं. सास्काटून नावाच्या जांभळ्या बेरींचा टार्ट ओट्यावर कापून तयार होता, तरी तिने सुरी पुन्हा हातात घेतली.

"लीगने कोचेसच्या खुर्च्या कमी केल्या आहेत," गार्नेटचा आवाज आला. "मला एक खुर्ची कमी मिळाली. किकचं काम आणि फळीचं काम, यातलं एक मी दुसऱ्याच्या गळ्यात मारू शकतो. म्हणजे तू किंवा सायलस. सायलसला मी ओळखत नाही, आणि तुझंही काम विंडसरनंतर पाहिलेलं नाही. तू त्याला रोज बघतोस. सांग, तुमच्यातला चांगला कोच कोण?"

मर्ना दाराच्या चौकटीला टेकली. स्वतः म्हण, ती मनात म्हणत होती. मी, म्हण. एक शब्द आहे, वेंडेल. तिच्या डोळ्यांसमोर आईचं उघडं तोंड होतं, चमच्याची वाट बघणारं. आणि त्याच्याच मागे सायलसची धाकटी होती, लाल टोपीतली. तिच्याकडे मर्नाने बघायचं टाळलं.

वेंडेलने ताटातला शेवटचा रोल मधोमध कापला.

"हे मला विचारू नये तू," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे. तरी विचारतोय. सकाळी सायलसलाही विचारलं."

"सायलसला? तू भेटलास त्याला?"

"त्याच्या घरी. नाश्त्याला. त्याने लगेच सांगितलं. म्हणाला, मी चांगला."

मर्नाने मागे जाऊन सुरी ओट्यावर ठेवली. म्हणजे कुंपणापाशी तोही खोटं बोलला होता. तिला संताप यायला हवा होता, पण आली ती भीती, नुसती दाट भीती, बर्फावर गाडी सरकायला लागली की येते तशी. ब्रेक दाबून उपयोग नसतो.

मग वेंडेल म्हणाला, "खरं आहे त्याचं."

"म्हणजे?"

"तो चांगला कोच आहे. मी किक शिकवतो, किक कोणीही शिकवेल थोडीफार. त्याची पोरं त्याच्यासाठी भिंतीत डोकं घालतील. विचारलंस म्हणून सांगितलं. आता टार्ट खा."

गार्नेटने टार्ट खाल्ला. जाताना दारात मर्नाचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. "तुमचा हात फार गार आहे," तो म्हणाला. तिने हात सोडवून घेतला.

तो गेल्यावर तिने वेंडेलला खूप बोलून घेतलं. "आईचं काय? माझं काय? मोठेपणा करायला तुला आजचाच दिवस सापडला?"

"मोठेपणा नाही गं," तो खुर्चीत मिटून बसला होता. "खोटं बोलायला गेलो होतो. तोंडच उघडेना. मग उघडलं तेव्हा हे निघालं."

आठवडा संपायच्या आत वेंडेलला काढल्याचा निरोप मिळाला. सायलस दारात आला, टोपी हातात चुरगळत. "म्हाताऱ्या, मी..." एवढंच म्हणाला. "थंडी आत येतेय, दार लाव," वेंडेल म्हणाला, आणि त्याला आत घेतलं.

वसंतात हॅलिफॅक्सच्या संघाने वेंडेलला बोलावलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. तो बॅग भरत असताना मर्ना पलंगाच्या कडेला बसली आणि तिने जे कधीच म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"तू जा. मी नाही येत."

तो वळला. इतका घाबरलेला तिने त्याला विंडसरलाही पाहिला नव्हता.

"रागावून?"

"नाही रे. आई आहे तोवर मला इथून हलता येणार नाही. हंगाम संपला की ये. मी कुठे जाणार आहे?"

तो गेला. घरात एकटं राहायची तिला सवय नव्हती. घर तापवणारी भट्टी सुरू होताना तळघरात धाड्‌कन आवाज व्हायचा आणि ती दचकायची. तो तिकडे जेवतो की नाही, त्याचा गुडघा, समुद्राची ओल, या सगळ्याची तिला एक नवीच भीती लागली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी हॅलिफॅक्सचा संघ सास्काटूनला खेळायला आला. मर्ना जेनेव्हाशेजारी बसली. मैदानाच्या या कडेला सायलस, त्या कडेला वेंडेल. जेनेव्हाने तिच्या मांडीवर अर्धं पांघरूण टाकलं, ऊन असूनही. दोघींनाही कोणाच्या बाजूने ओरडावं ते कळत नव्हतं. बॅजर्स सारखे हरत होते, म्हणजे सायलसची खुर्ची हलत होती. हॅलिफॅक्स त्याहून जास्त हरत होतं.

शेवटच्या क्षणी बरोबरी होती. बॅजर्सच्या पोराने गोलाच्या खांबांकडे किक मारली. हुकली. लोक हळहळले, पण मर्ना उठून उभी राहिली, कारण कॅनडातल्या या खेळात हुकलेली किकही एक गुण देऊन जाऊ शकते. बॉल खांबांमागच्या पट्ट्यात पडला की समोरच्याने तो पट्ट्याबाहेर काढायचा. नाही काढता आला, तर एक गुण. तो काढायचं शिकवणं वेंडेलचं काम होतं.

हॅलिफॅक्सच्या पोराने बॉल झेलला. डावीकडे पळाला, उजवीकडे वळला.

"लाथ मार!" मर्ना किंचाळली. "अरे, लाथ मारून बाहेर काढ!"

त्याला तिघांनी पट्ट्यातच आडवा केला. एक गुण. बॅजर्स जिंकले, मैदान उसळलं. जेनेव्हाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मर्नाला त्या बोटांमधून निघालेला सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. पलीकडच्या कडेला वेंडेल खाली मान घालून उभा होता, आणि त्याचा हेड कोच त्याच्याकडे बघतही नव्हता.

बस सुटायच्या आधी तो पाच मिनिटं भेटला.

"ओरडताना ऐकलं मी तुला," तो म्हणाला. "पोरगं बहिरं आहे."

"तुझा हेड कोच?"

"बसमध्ये पुढे बसलाय. कोणाशी बोलत नाही." त्याने तिचे हात हातांत घेतले, चोळले. "आई?"

"काल दोन चमचे जास्त जेवली."

पानगळीत हॅलिफॅक्सने हेड कोच बदलला. त्या आठवड्यात मर्ना जेवली नाही म्हटलं तरी चालेल. पण नव्या हेड कोचने वेंडेलला ठेवलं. का ठेवलं ते त्यालाही कळलं नाही, आणि विचारायची हिंमत त्याला झाली नाही. आणखी दोन हंगाम तो तिकडे राहिला. आई गेली त्या हिवाळ्यात परत आला तो कायमचा, आणि आता नातवाच्या शाळेतल्या पोरांना किक शिकवायला कॅल्गरीला जातो-येतो. सायलस अजून बॅजर्सच्याच फळीपाशी उभा आहे.

बॅजर्स हरले की मर्ना टीव्ही बंद करते, अंगात कोट चढवते आणि दोन घरं सोडून पलीकडे जाते. जेनेव्हा दार उघडते. दोघी स्वयंपाकघरात बसतात, आणि फोन भिंतीवर गप्प असतो.