डेअरीवरचा गोळा

आमच्या गावच्या नकाशावर डेअरीच्या डोक्यावर एक लाल गोळा बसला होता. तो बसवला मीच.

मी मोबाईलची ॲप्स बनवते. लग्न होऊन देवळाली प्रवराजवळच्या या वस्तीवर आले, तेव्हापासून पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालतं. उसात बिबटे फार दिसायला लागले तसं गावाने गळ घातली, बिबट्या कुठे आलाय ते फोनवर कळेल असं काहीतरी करा. मी केलं. बिबट्या दिसला की बटण दाबायचं, तुम्ही उभे असाल तिथे नकाशावर खूण पडते. खुणा फार जवळजवळ आल्या तर फोन त्यांचा एक गोळा करतो आणि त्यावर आकडा टाकतो. नकाशा मोठा केला की गोळा फुटून खुणा आपापल्या जागी जातात. डेअरीवरचा गोळा मात्र कितीही मोठा करा, फुटेना.

कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. समोर बिबट्या असताना खिशातून फोन कोण काढणार? माणूस जीव मुठीत धरून घर गाठतो. मग सकाळी दूध घालायला डेअरीवर आला की रांगेत सगळं रंगवून सांगतो, आणि शेजारचा म्हणतो, दाब की बटण. खूण पडते डेअरीवर. खूण सरकवून खऱ्या जागी न्या, हे सांगून मी थकले. ‘लिवलंय की म्या खाली, इहिरीपाशी म्हनून,’ असं उत्तर यायचं.

सासऱ्यांना मी आबा म्हणते. चारचौघांत सुनेचं काम दाखवायची त्यांना भारी हौस. ‘सूनबाई, गोळ्यात काय बी कळत न्हाई. फोडा त्यो,’ म्हणून त्यांनी रोज टुमणं लावलं. शेवटी मी तोडगा काढला. गोळ्यावर बोट ठेवलं की खुणा छत्रीच्या काड्यांसारख्या भोवताली पसरायच्या. प्रत्येक खुणेपासून मध्यापर्यंत एक बारीक रेघ. खूण मुळात मधलीच आहे, फक्त दिसावी म्हणून बाजूला केली, असा त्या रेघेचा अर्थ. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावात रेघेबद्दल कुणी विचारलं नाही. गोळा एकदाचा फुटला म्हणून सगळे खूश झाले, आणि मीही हुश्श केलं.

माझी मुलगी पहिलीत आहे. शाळेची गाडी तिला फाट्यावर सोडते, तिथून वस्तीपर्यंत दोन्ही अंगांना ऊस. रोज सासूबाई आणायला जातात, काठी आपटत, मोठमोठ्याने बोलत. त्या दिवशी त्या माहेरी दहाव्याला गेल्या होत्या. मी मीटिंगमध्ये अडकले, म्हणून आबांना सांगितलं. मीटिंग संपवून बाहेर आले तर आबा ओट्यावरच.

‘आबा, तुम्ही गेला नाहीत?’

‘गुडगा लई दुखतोय.’ त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. ‘आन् गोळा फोडून बगितला की म्या. समद्या खुना वड्याच्या अंगाला हाईत. आपल्या रस्त्याला एक बी न्हाई. आपलं कुत्रं गेलंय तिच्या वाटंवर.’

डेअरी ओढ्याकाठीच आहे; तिच्याभोवती पसरलेल्या खुणाच त्यांनी खऱ्या जागा धरल्या होत्या. बारीक रेघा दिसायला त्यांच्या डोळ्यांवर चष्माही नव्हता. मी अनवाणीच धावत सुटले.

ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, दप्तर पाठीवर तसंच. एकटीच.

‘मम्मी, ऊस हलला आन् आपलं कुत्रं आत गेलं. मी लई हाका मारल्या. ते येईना.’

धुळीत फरफटल्याच्या रेघा उसापर्यंत गेल्या होत्या, तिच्यापासून चार पावलांवर. मी तिला उचललं आणि घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही. आबांवर भयंकर संताप आला होता. ते जेवले नाहीत. मला त्यांना जेवा म्हणायचंही सुचलं नाही. त्यांनी माझ्या कामावर विश्वास ठेवला होता, दुसरं काही केलं नव्हतं. हे कळत होतं, तरी राग जात नव्हता.

सकाळी ऊन वर आल्यावर आबा काठी घेऊन माझ्यासोबत आले. ते उसाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्याच जागी उभी राहून बटण दाबलं. जिथे घडलं तिथेच पडलेली ही गावातली पहिली खूण.

घरी आलो तर सासूबाई परतल्या होत्या. नातीला कुशीत घेऊन बसल्या होत्या.

‘कुठंय गं आपली खून? दाव मला.’

मी ॲप उघडलं. उघडल्यावर ते आधी अख्खं गाव दाखवतं, तसंच मी बनवलंय. आमची खूण दिसत नव्हती. जवळची म्हणून फोनने ती गोळ्यात घेतली होती आणि डेअरीवरचा आकडा एकाने वाढला होता. मी नकाशा मोठा करायला बोटं टेकवली, तेवढ्यात सासूबाईंनी फोन बाजूला सारला.

‘ऱ्हाऊ दे. त्या आकड्यात माझी नात नको घालू,’ म्हणाल्या आणि कोपऱ्यातली काठी जवळ ओढून बसल्या.