सिप्रियानोचा टर्बो

सिप्रियानो चुकिमियाला मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याला ते अजिबात आलं नाही. गाडी मात्र तो उत्तम चालवायचा. युंगासच्या उतारावरच्या आमच्या गावातून सवाऱ्या वर ला पाझ शहरात न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या, हा त्याचा धंदा. गाडी जुनी जपानी, त्याच्या लग्नाच्याही आधीची. मागचं दार दोरीने बांधलेलं.

मग त्याच्या बायकोची, रुफिनाची, मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसचं मशीन फक्त वर, ला पाझला. तिथेच राहावं, तर तेवढ्या उंचीवर तिला श्वास पुरत नव्हता. अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी खालीच राहायला बजावलं होतं. खाली मशीन नाही, वर हवा नाही. म्हणून आठवड्यातून तीनदा खिंड ओलांडून जायचं. ठरल्या वेळेला उशीर झाला की मशीन पुढच्या माणसाला. तिच्याजवळ बसायला कोणीतरी हवं म्हणून मीही जायची.

गाडीला तो चढ झेपेना. विरळ हवेत इंजिन धापा टाकायचं, केळ्यांचे ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकायचे. "बाई, माझ्या दोन्ही बायकांना एकच रोग झालाय," सिप्रियानो म्हणायचा. मशीनच्या वेळा चुकायला लागल्या तशी रुफिनाची पावलं सुजली आणि त्याचं विनोद करणं थांबलं.

ला पाझला लागून असलेल्या एल आल्तोच्या जुन्या बाजारात हिलारियोन नावाचा मिस्त्री आहे. त्याने मोडीत निघालेल्या एका व्हॅनचा टर्बो काढून या गाडीला बसवून दिला. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जुनं इंजिन आहे, फार दाब देऊ नकोस, असं हिलारियोनने सांगितलं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: चढ चढून आलास की इंजिन लगेच बंद करायचं नाही. पंखा लालबुंद झालेला असतो. इंजिन थांबलं की त्याला मिळणारं तेल थांबतं, आणि आत राहिलेलं तेल कढईत करपावं तसं करपतं.

पहिल्या दिवशी आम्ही ट्रकमागून ट्रक मागे टाकले. रुफिना कितीतरी दिवसांनी हसली. आणि खिंड आली.

आमच्याकडे खिंडीत थांबून धरणीमाय पाचामामाला दारू शिंपडल्याशिवाय पुढे जात नाहीत. सिप्रियानोचा बाप जुन्या रस्त्यावर ट्रकसकट दरीत गेला, तेव्हापासून त्या घरात आणखी एक नेम होता: शिंपडताना इंजिन बंद, सगळं शांत. त्या दिवशी सिप्रियानोने गाडी चालूच ठेवली आणि बाटली उघडली.

"बंद कर ते," रुफिना म्हणाली.

त्याने मिस्त्रीचं सांगणं सांगितलं.

"या घरघरीत पाचामामाला माझं काय ऐकू जाणार? मरायला टेकलेय ती मी. तुझा पंखा नव्हे."

पंखा निवेपर्यंत थांबू, मग बंद कर, असं मी सुचवलं. पण वारा सुरीसारखा होता आणि रुफिनाची नखं निळी पडत चालली होती. तिथे तिला तेवढा वेळ थांबवून ठेवणं शक्यच नव्हतं. मग न थांबताच जाऊ, म्हटलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये थुंकले. सिप्रियानोने किल्ली फिरवली. त्या दिवशी फिरवली आणि पुढेही प्रत्येक वेळी फिरवत राहिला.

आधी मागून निळा धूर यायला लागला. मग गाडी उभी राहील तिथे खाली तेलाचे ठिपके. आणि एका सकाळी, खिंडीच्या बऱ्याच खाली, पत्रा फाडल्यासारखी किंचाळी आली आणि गाडीतला जीवच गेला. सिप्रियानोने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. मी त्याला उठवलं. बसायला वेळ कुणाला होता? संत्र्यांचा एक ट्रक थांबवला, रुफिनाला ड्रायव्हरशेजारी कोंबलं, मीही चढले.

पोचलो तेव्हा तिच्या मशीनवर दुसराच कोणी झोपला होता. नर्स काही दुष्ट नव्हती. ती म्हणाली, यालाही बायको आहे. आम्ही दिवसभर बाकावर बसून राहिलो. रुफिनाच्या छातीत पाणी खुळखुळल्यासारखा आवाज येत होता, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून मी उगाच बडबडत होते. सगळ्यांचं आटोपल्यावर तिला थोडा वेळ मशीन मिळालं. अर्धंमुर्धं.

सिप्रियानो संध्याकाळी आला. हात भाजलेले. टर्बो काढून, त्याची तेलाची नळी बंद करून, गाडी रखडत आणली होती. वाटेत हिलारियोनला भेटून आला होता. मिस्त्री म्हणाला होता, अरे, मग खिंडीआधीचा शेवटचा टप्पा हळू चढायचास, पंखा आपसूक निवला असता. आधी का नाही सांगितलंत, असं याने विचारलं, तर म्हणे, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. या वाक्यासाठी माणसाला तुरुंगात टाकता आलं पाहिजे.

"दुसरा टर्बो बघून ठेवलाय," सिप्रियानो म्हणाला. "आता कळलंय मला. आता नाही बिघडणार."

"नको," रुफिना म्हणाली. "मी इथेच राहते. तुझ्या बहिणीच्या खोलीत."

"इथे श्वास येत नाही तुला."

"थोडा येतो. मशीनपर्यंत चालत जाता येईल. गाडीच्या भरवशावर मला नाही मरायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं आणि ते भयंकर होतं. तिला त्याच्या बहिणीकडे पोचवलं, उशीला उशी लावून बसतं केलं. आडवं झालं की ती गुदमरत होती. सिप्रियानो तिची वेणी घालत बसला, वाईट घातली, तिने सोडून पुन्हा घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या अड्ड्यावर, त्याने मला पुढे बसवलं. मागच्या दोन जागा भरल्या, पण रुफिना बसायची ती जागा तो भरू देईना. एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन उभी होती; तिला म्हणाला, ही जागा घेतलेली आहे.

"सिप्रियानो, तिला बसू दे," मी म्हटलं. "परवा तिच्या मशीनच्या वेळेला तुला वर यायचंय, पेट्रोलला पैसे लागतील."

तो खाली उतरला, दोरी सोडली आणि दार उघडून धरलं. बाई बसली, कोंबड्या मांडीवर घेतल्या, आणि गाडी इतकी सावकाश का चालते म्हणून गावापर्यंत कुरकुरत राहिली.